गिरण्यांच्या माहेरी : मँचेस्टर आणि परिसर

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. परंतु मूळ मँचेस्टर आपल्याकडे ओळखले जाते ते प्रामुख्याने फुटबॉलमुळे. वस्तुत: मुंबईच्या गिरण्या, हिंदुस्थानचा कापूस आणि परदेशी कापडावरील बहिष्कार यांचा इतिहास उत्तर इंग्लंडमधील याच शहराशी जोडलेला आहे. तो दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, हे पाहण्यासाठी येथे तीन दिवस अवश्य काढावेत.

पहिला दिवस : शहरात

आरंभ लिव्हरपूल रोड स्थानकापासून करावा. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे उद्‌घाटन १५ सप्टेंबर १८३० रोजी झाले. मुंबई-ठाणे गाडी धावली ती त्यानंतर २३ वर्षांनी. लिव्हरपूल बंदरात उतरणारा कापूस गिरण्यांपर्यंत वेगाने पोहोचवणे, हे या लोहमार्गाचे एक प्रमुख प्रयोजन होते. जगात शिल्लक असलेले हे सर्वांत जुने प्रवासी रेल्वे स्थानक आज ‘सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम’चा भाग आहे. सूतकताई आणि विणकामाची जुनी यंत्रे हे संग्रहालयाचे मुख्य आकर्षण होय.

तेथून पीटर स्ट्रीटवर यावे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकाराच्या मागणीसाठी या परिसरात सुमारे ६० हजार लोक जमले होते. त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले आणि किमान १५ जणांचा बळी गेला. ‘पीटरलू’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हत्याकांडाचे स्मारक २०१९ मध्ये उभे राहिले.

जवळच लिंकन चौकात अब्राहम लिंकन यांचा पुतळा आहे. अमेरिकी यादवी युद्धात कापसाची आवक थांबली, गिरण्या बंद पडल्या आणि लँकेशायरमध्ये उपासमार सुरू झाली. तरीही मँचेस्टरच्या कामगारांच्या सभेने गुलामगिरीविरोधी भूमिकेला पाठिंबा दिला. जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी पत्र पाठवून त्यांचे आभार मानले. त्याच वर्षांत आपला कापूस चढ्या भावाने विकून मुंबईत पैशांचा पूर आला होता आणि १८६५ मध्ये तो तितक्याच वेगाने ओसरला.

डीन्सगेटवरील जॉन रायलंड्स ग्रंथालय चुकवू नये. कापड व्यवसायातील धनिक रायलंड्स यांच्या स्मृत्यर्थ त्यांच्या पत्नी एन्रिकेटा यांनी ते उभारले. १९०० मध्ये ते वाचकांसाठी खुले झाले.

पुढे रॉयल एक्स्चेंज लागते. येथे कापूस आणि कापडाचे सौदे होत. १९६८ मध्ये व्यवहार थांबले. त्या अखेरच्या दिवसाचे भाव फलकावर अजूनही आहेत. १९७६ पासून या दालनात नाट्यगृह आहे. मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या या शहराचा आणि लँकेशायरचा सरकारवर मोठा दबाव असे. त्यातूनच १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला, ही बाब येथे आठवल्यावाचून राहत नाही.

दिवसाची सांगता कॅथीड्रलच्या परिसरात करावी. १६५३ मध्ये स्थापन झालेल्या चेटम्स ग्रंथालयात १८४५ मध्ये मार्क्स आणि एंगल्स एकत्र अभ्यासाला बसत. कॅथीड्रलबाहेर महात्मा गांधींचा नऊ फुटी ब्राँझ पुतळा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये अनावरण झालेला हा पुतळा धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे सुपुत्र, ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांनी घडवला.

दुसरा दिवस : क्वारी बँक

मँचेस्टर विमानतळालगत स्टायल येथे सॅम्युअल ग्रेग यांनी १७८४ मध्ये ही सूतगिरणी सुरू केली. बोलिन नदीच्या पाण्यावर तिची यंत्रे चालत. गिरणीपेक्षाही मनात राहते ते बालकामगारांचे वसतिगृह. ग्रेग यांचे कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमांवर चालणारे मळेही होते. ‘नॅशनल ट्रस्ट’ने वास्तू, कामगारांची वस्ती आणि बाग उत्तम राखली आहे.

तिसरा दिवस : डार्वेन किंवा डोंगर

मँचेस्टर व्हिक्टोरिया स्थानकातून बोल्टनमार्गे रेल्वेने डार्वेनला जाता येते. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडमध्ये असताना सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी येथे आले. बहिष्काराची झळ बसलेल्या कामगारांना त्यांनी स्वत: भेटून आपली बाजू सांगितली. ज्यांचा रोजगार बुडाला, त्याच गिरणी कामगार स्त्रियांनी त्यांचे हर्षभराने स्वागत केल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. गावातील इंडिया मिलचे सुमारे ३०० फूट उंचीचे धुराडे आजही दुरून दिसते.

इतिहासाऐवजी निसर्ग हवा असल्यास पिकॅडिली स्थानकातून ईडेलला जावे. १९५१ मध्ये घोषित झालेले पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान. येथील किंडर स्काउट या ६३६ मीटर उंच पठारावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुणांनी मनाई झुगारून चढाई केली होती. त्यांत मँचेस्टरचे कामगार मोठ्या संख्येने होते.

उपयुक्त माहिती

लंडनच्या यूस्टन स्थानकातून मँचेस्टर पिकॅडिलीला रेल्वेने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. शहरातील बहुतेक ठिकाणे पायी होतात. शिवाय ट्रामची सोय आहे. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम आणि रायलंड्स ग्रंथालयात प्रवेश विनामूल्य आहे. क्वारी बँकेसाठी तिकीट लागते. जुन्या इमारतींची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होत असल्याने कोणती दालने खुली आहेत, याची आधी चौकशी करावी. पाऊस केव्हाही येतो. उन्हाळ्यातही छत्री जवळ बाळगावी.