अस्वलाला कुठली बंदूक? आणि रानडुकराला?

मंडळी, डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ, पाय तोडत इथपर्यंत आलेला. निलंग्यापासून येडशी शंभरेक किलोमीटर. तेव्हापासून आपल्या भागातल्या ग्रुपवर आणि पारावर एक प्रश्न फिरतोय, "बंदुकीचा परवाना कसा काढायचा? आणि घ्यायचीच तर कुठली घ्यावी?" एकानं तर थेट विचारलं, "अस्वल पडंल एवढी तरी पाहिजे, न्हाई का?"

अस्वलाचं सांगतो, पण थोडं मागून यावं लागेल. कारण शेतकऱ्यानं कुठली बंदूक घ्यावी हे आपल्या देशात शेतकऱ्यानं कधीच ठरवलेलं नाही.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रकायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. गंमत बघा, एकीकडं हेच सरकार वाघ, बिबट्या, लांडगा, अस्वल मारणाऱ्याला बक्षीस देत होतं, किती माणसं जनावरांनी मारली याचा दरवर्षी हिशोब ठेवत होतं. आणि दुसरीकडं रानाच्या कडेला राहणाऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेत होतं. कायद्यामुळं जनावरांचा उपद्रव वाढला, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. आज ग्रुपवर येणारे मेसेज वाचले की वाटतं, दीडशे वर्षांत फक्त लिपी बदलली, अर्ज तोच आहे.

आपण मात्र इंग्रजांच्या मुलखात नव्हतो. निलंगा तालुका निजामाच्या बीदर जिल्ह्यात. १९५६ ला भाषावार रचना झाली तेव्हा बीदरमधून निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके काढून उस्मानाबादला जोडले, आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला. बीदरचा बराचसा भाग जहागिरीचा आणि पायग्याचा. बंदूक असायची ती गढीत. देशमुखाकडं, जहागीरदाराच्या माणसाकडं, फौजदाराकडं. कुळाकडं गोफण आणि कुऱ्हाड. ज्वारी निसवली की माच्यावर बसायचं, पाखरं हाकायची, रात्री जागलीला जायचं, शेकोटी पेटवायची, पत्र्याचा डबा बडवायचा. पीक संरक्षणाची आपली व्यवस्था ही. जुन्या माणसांना बंदुकीबद्दल विचारलं तर ते रानडुकराचं सांगत नाहीत, रझाकाराचं सांगतात.

ते साहजिकच आहे. कासिम रझवी वकिली करायचा ती आपल्या लातुरात. १९४७-४८ मध्ये या भागानं बंदूक पाहिली ती माणसावर रोखलेली. सरहद्दीवरच्या कॅम्पांमधल्या स्वातंत्र्यसैनिकांनीही हत्यारं मिळवली, वापरली. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला, रझाकारांची हत्यारं गोळा झाली.

आणि बरोबर अडीच महिन्यांनी, डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला, दिल्लीत घटना समितीत हरि विष्णू कामथ उभे राहिले आणि म्हणाले की हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तो होताच, त्याची त्यांनी आठवण करून दिली. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की परकी सरकारनं जनतेला निःशस्त्र केलं म्हणून ती मागणी तेव्हा रास्त होती. आता परिस्थिती बदलली, आणि सरसकट हक्क दिला तर तो गुंडालाही मिळेल, मग सरकार त्याला अडवणार कसं? दुरुस्ती पडली. मराठवाड्यानं नुकतंच जे भोगलं होतं ते बघता मला बाबासाहेबांची बाजू पटते. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. बंदूक हा आपला हक्क नाही, सरकारनं द्यायची परवानगी आहे.

पुढं १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम १३ एकदा तरी वाचा. त्यात शेतकरी आहे! खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी कुणी मागितली तर परवाना द्यावा, असं तिथं लिहिलंय. कुठली बंदूक? ठासणीची. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी, तीही साध्या गुळगुळीत नळीची, नळी किमान वीस इंच लांब. म्हणजे फार तर बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. पीक संरक्षणासाठी रायफलीचं नाव त्या कलमात नाही.

ज्यांनी ठासणीची पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी टाकून गजानं ठासायची, मग छर्रे, मग पुन्हा ठासायचं, मागं टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि बार काढायचा. एक बार. दुसरा भरायला कसलेल्या माणसालाही अर्धा मिनिट लागतो, आणि तोही दिवसा, हात थरथरत नसताना. पावसाळ्यात दारू सादळली तर नुसता 'फुस्स'. हे हत्यार डुकरांचा कळप पळवायला ठीक. आवाज मोठा, धूर भरपूर. पण जखमी डुक्कर अंगावर आलं तर हातात उरते ती लोखंडी नळी लावलेली काठी. १९५९ साली संसदेनं शेतकऱ्याला दिलेलं हत्यार शंभर वर्षं जुनं होतं. माझ्या मते हे चुकून झालेलं नाही. ज्या बंदुकीनं माणसांत दंगा होणार नाही, अशीच बंदूक शेतकऱ्याला द्यायची होती.

मग वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. आता बंदूक असली तरी बार काढायला वेगळी परवानगी लागते. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी राज्यानं २०१५ मध्ये ती स्थानिक वन अधिकाऱ्यांकडून मिळायची सोय केली. वाघ, बिबट्या, अस्वल पहिल्या अनुसूचीत, तिथं फक्त मुख्य वन्यजीव रक्षक. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर कलम ११ प्रमाणे गुन्हा नाही, पण तुम्ही त्या वेळी कायदा मोडत नव्हता हे दिसलं पाहिजे. विनापरवाना ठासणी घेऊन जंगलात बसलेल्या माणसाला हे संरक्षण नाही.

आता अस्वल.

आपल्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, अस्वल कुठून येणार! पण नांदेडच्या किनवट-माहूरकडं, पैनगंगेच्या अभयारण्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात, लोक पहाटे वेचायला जातात, आणि मोह अस्वलालाही आवडतो. मग तेंदूपत्ता. अस्वलाची नजर अधू, खाण्यात गुंग असलं की चाहूल लागत नाही. आपण दहा-पंधरा पावलांवर गेल्यावर ते दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. वार तोंडावर आणि डोक्यावर. जे वाचतात त्यांच्यातल्या कित्येकांचा डोळा नाहीतर जबडा गेलेला असतो.

दहा-पंधरा पावलं म्हणजे अस्वलाला एक-दोन सेकंद. बंदूक खांद्याला, डोक्यावर मोहाची पाटी. सांगा, कुठली निवडायची?

ज्या देशात बंदूक निवडायला कुणाची आडकाठी नाही, तिथलं बघू. अमेरिकेच्या अलास्कात अस्वलं आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आणि दुकानात पाहिजे ती रायफल. तिथल्या अभ्यासकांनी अस्वल आणि बंदुकीच्या २६९ घटना तपासून २०१२ मध्ये अहवाल दिला. लांब बंदुकीनं अस्वल थांबलं ७६ टक्के वेळा, पिस्तुलानं ८४ टक्के. वाचायला छान. पण पुढचं वाचा. ज्यांच्याकडं बंदूक होती त्यांच्यात, बंदूक चालवणारे आणि न चालवणारे, दोघांना इजा होण्याचं प्रमाण सारखंच निघालं. त्याच मंडळींनी २००८ मध्ये तिखटाच्या फवाऱ्याचा अभ्यास केला होता. तिथल्या तपकिरी अस्वलावर तो ९२ टक्के वेळा चालला, आणि फवारा जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के माणसांना ओरखडाही आला नाही. फवाऱ्याला नेम लागत नाही, समोर ढग झाला की पुरे. अलास्काचं अस्वल वेगळं, आपलं वेगळं, हे मान्य. पण जनावर अंगावर आल्यावर माणसाचे हात दोन्हीकडं सारखेच कापतात.

किनवटची माणसं हे अहवाल न वाचता तेच करतात. एकटं जायचं नाही, मोठ्यानं बोलत, काठी आपटत जायचं, उजाडल्याशिवाय मोहाखाली वाकायचं नाही. आणि एक विरोधाभास बघा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन बंदूक परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. जिथं अस्वल आहे तिथं परवाना सगळ्यात अवघड!

परवाने आहेत कुठं मग? शेजारच्या बीडमध्ये हजारावर असल्याचं निघालं. २०२५ मध्ये छाननी झाली, बरेच रद्द झाले. तिथं काही अस्वलांचा सुळसुळाट नाही. लग्नात हवेत बार, कमरेला पिस्तूल, मोबाईलवर रील. पीक संरक्षणाची ठासणी कुणी रीलमध्ये दाखवत नाही, हे लक्षात घ्या.

बीडच्याच आष्टी तालुक्यात नोव्हेंबर २०२० मध्ये बिबट्यानं माणसं मारली, मग तो सोलापूरच्या करमाळ्याकडं गेला, तिथंही मारली. डिसेंबरात त्याला परवानगी घेऊन गोळी घातली. वनखात्याचा फौजफाटा, पिंजरे, ड्रोन, नेमबाज, एवढं सगळं असून कित्येक दिवस लागले. मेलेली माणसं रानात कामाला गेलेली, त्यात बायका-लेकरं. वाकलेल्या माणसावर मागून झडप. त्यांच्या घरात दुनळी असती तर काय झालं असतं? खुंटीला टांगलेली राहिली असती.

आपल्या निलंग्यात खरा त्रास डुकराचा आणि हरणाचा. तेरणा-मांजराच्या काठची वेडी बाभूळ आणि बारमाही ऊस, डुकराला याच्यापेक्षा चांगलं घर कुठलं? भुईमूग उकरतं, मका आडवा करतं. आणि समजा, तुम्ही रीतसर सगळं केलंत. ऑनलाइन अर्ज, हत्यार चालवण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांची सही, पाच वर्षांचा परवाना. १५ ऑक्टोबर २०२४ ला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान. अशा वेळी हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. कुणाची घ्यायची हे छाननी समितीनं एकेक प्रकरण बघून ठरवायचं असतं. शेतकऱ्यानं समितीकडं अर्ज करून सूट मागायची, हे किती जणांना माहीत आहे? सोयाबीनचा ढीग रानात, तूर फुलात आणि बंदूक ठाण्यात.

म्हणून लोक दुसरंच करतात, ते उघड बोलायला हवं. कुंपणाला आकडा टाकून थेट वीज सोडतात. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. बॉम्बनं गायीचा जबडा जातो. तारेनं शेजारी मरतो, पहाटे दारं धरायला आलेला पोरगा मरतो, कधी लावणारा स्वतःच मरतो. मग वीजचोरीचा गुन्हा, त्यावर सदोष मनुष्यवधाचा. यापेक्षा झटका मशीन कितीतरी बरी. तिच्यात वीज सलग नसते, ठोके असतात. जनावर मागं फिरतं, माणूस शिव्या देतो, जीव जात नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे, पण ती योजना मुळात जंगलालगतच्या आणि संवेदनशील गावांसाठी. आपल्याला जंगल नाही म्हणून आपण त्यात सहजी बसत नाही. डुकराला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही.

परवान्याच्या अर्जाइतक्याच जोरात मागायचं असेल तर दोन गोष्टी मागा. लातूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांना त्या अनुदानात घ्या, ही एक. आणि शेतीला दिवसा लाईट. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच चालू आहे. अजून कितीतरी फिडरवर पाळी रात्रीची येते आणि माणूस अकरा वाजता बॅटरी घेऊन पांदीनं निघतो. साप, डुक्कर, उद्या बिबट्या, सगळ्यांची गाठ तिथंच पडते.

तुमच्या घरात आज्याच्या नावाची जुनी ठासणी पडून असेल, परवान्याची मुदत गेली असेल, तर ती माळ्यावर ठेवू नका. परवानाधारक वारला तर वारसानं हत्यार ठाण्यात जमा करून आपल्या नावानं अर्ज करायचा असतो. आणि गावात अशी बंदूक कधी काळी होती का, कुणाकडं होती, तिनं खरंच डुक्कर मारलं का, हे जुन्या माणसांना विचारून खाली लिहा. औराद, कासारशिरसी, अंबुलग्याकडच्या मंडळींनी तर नक्कीच.