सिल्व्हेस्त्रो लेगा आणि मोदिल्याना

सिल्व्हेस्त्रो लेगा (१८२६–१८९५) याची गणना फ्लॉरेन्सच्या ‘माक्यायोली’ चित्रकारांत होते. ‘माक्या’ म्हणजे डाग. १८६२ मध्ये वृत्तपत्रीय टीकेत उपहासाने योजलेली ही संज्ञा पुढे त्या संप्रदायाचे रूढ नाव झाली. परंतु या नावामागे लेगाचे जन्मगाव झाकले जाते. अपेनाइनच्या उत्तर उतारावरील मोदिल्याना तेव्हा तस्कनीच्या राज्यात मोडत असे; बोली मात्र रोमान्याची. राजकीय सीमा व भाषिक सीमा यांचा मेळ नसलेल्या अशा गावी तो जन्मला.

१८४८ च्या युद्धात तो स्वयंसेवक म्हणून लढला. १८४९ मध्ये परागंदा गॅरिबाल्डीला आश्रय देणारे धर्मगुरू जोव्हान्नी व्हेरिता हे याच गावचे. त्यांचे व्यक्तिचित्रही लेगाने रंगविले. गावातील प्रार्थनामंदिरासाठी त्याने चार अर्धवर्तुळाकृती चित्रे काढली. त्यांचे विषय रोगराई, दुष्काळ, भूकंप व युद्ध हे होत.

त्यानंतरच ‘स्तोर्नेल्लोचे गायन’ (१८६७) व ‘द्राक्षमांडव’ (१८६८) ही गृहजीवनाची चित्रे अवतरली. पहिल्यात सुखवस्तू घरातील तीन स्त्रिया पियानोपाशी गात आहेत, आणि त्यांचे गीत लोकगीतप्रकारातील आहे. ही शांती म्हणजे राष्ट्रकार्यापासून पलायन, असे मानणे युक्त नाही. ज्याने त्या चार आपत्ती चितारल्या, त्याला मांडवाखालच्या निवांत दुपारीचे मोल ठाऊक होते. त्याच्या शांत चित्रांचा अर्थ मोदिल्यानाच्या भिंतींवरील चित्रांसह वाचला तरच पूर्ण होतो.