प्रेरित मत्स्यप्रजनन आणि भारतीय मत्स्यशेती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर भारताच्या कृषी इतिहासात हरितक्रांती व धवलक्रांती यांची नोंद सविस्तरपणे घेतली गेली आहे. गव्हाच्या बुटक्या जाती व आणंदची दुग्धसहकारी चळवळ या गोष्टी शालेय विद्यार्थ्यांनाही परिचित आहेत. त्या मानाने नीलक्रांतीचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला. १९५०-५१ मध्ये देशाचे एकूण मत्स्योत्पादन ७.५२ लाख टन होते. त्यांपैकी नद्या, तळी, जलाशय इत्यादी अंतर्गत जलक्षेत्रांचा वाटा केवळ २.१८ लाख टनांचा होता; उर्वरित सर्व मासळी समुद्रातून येत असे. २०२२-२३ मध्ये एकूण उत्पादन १७५.४५ लाख टनांवर पोहोचले आणि त्यात अंतर्गत जलक्षेत्रांचा वाटा १३१ लाख टनांहून अधिक झाला. सात दशकांत समुद्र मागे पडून तळी पुढे आली, असे या आकडेवारीवरून म्हणता येईल. निमखाऱ्या पाण्यातील कोळंबीचा यात वाटा असला तरी या वाढीचा मुख्य कणा कटला, रोहू व मृगळ या तीन प्रमुख भारतीय कार्प माशांचाच आहे.

हे परिवर्तन घडले ते प्रामुख्याने एका जैवशास्त्रीय तंत्रामुळे, आणि ते तंत्र म्हणजे प्रेरित प्रजनन. या तंत्राचा उगम, विकास, प्रसार आणि त्यातून निर्माण झालेले प्रश्न यांचा ऐतिहासिक दृष्टीने मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. या तंत्राने तळ्याला नदीच्या पराधीनतेतून मुक्त केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु याच संशोधनाला पुढे नदीकडेच परतावे लागले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नदीवरील अवलंबन :

बंगाल, बिहार व ओडिशा या प्रदेशांत तळ्यात मासे वाढविण्याची परंपरा प्राचीन आहे. तथापि, या परंपरेत एक मूलभूत उणीव होती. रोहू, कटला व मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, त्यांच्या माद्यांच्या पोटात अंडीही पक्व होतात. परंतु साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर येऊन पाणी काठावरील उथळ भागात पसरले की तेथेच त्यांचे प्रजनन होते. बांकुडा व मेदिनीपूर जिल्ह्यांतील विशिष्ट बांधांमध्ये पावसाचे पाणी वाहून आल्यावर मासे अंडी घालीत. मात्र हा अपवाद होय.

साहजिकच मत्स्यशेतीचे सर्व बीज नदीतून गोळा करावे लागे. पुराच्या दिवसांत काठाला जाळी लावून मत्स्यजिरे पकडले जाई आणि मातीच्या हंड्यांतून, पुढे रेल्वेने, दूरवर पाठविले जाई. त्यात इष्ट जातींबरोबर मांसभक्षक माशांचीही पिल्ले मिसळलेली असत आणि त्या वयात ती ओळखून वेगळी करणे अशक्यप्राय होते. प्रवासात मोठ्या प्रमाणावर मरतूक होई. पाऊस लांबला किंवा पूर आलाच नाही, तर त्या वर्षी तळी रिकामी राहत. बियाणे हाती नसलेल्या शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच मत्स्यशेतकऱ्याची होती.

पियुषिका ग्रंथीविषयक संशोधनाचा प्रवास :

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी प्रजननाचे नियमन करते, हे ज्ञान मूलतः वैद्यकाच्या क्षेत्रातील होय. अर्जेंटिनातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नार्डो हुसे यांनी १९३० मध्ये माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला देऊन त्याचा प्रजननावरील परिणाम नोंदविला. याच हुसे यांना पुढे १९४७ मध्ये पियुषिका ग्रंथी व शर्करा-चयापचय यांविषयीच्या संशोधनाबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० च्या दशकातच ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी या तत्त्वाचा मत्स्यसंवर्धनासाठी उपयोग केला. भारतीय उपखंडात हमीद खान यांनी मृगळ माशावर सस्तन प्राण्यांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क वापरून प्रयोग केले व १९३८ मध्ये ते प्रसिद्ध केले. दिशा योग्य असली तरी व्यवहारात उपयोगी पडेल असे तंत्र त्यातून सिद्ध झाले नाही. सस्तन प्राण्याच्या ग्रंथीऐवजी माशाचीच ग्रंथी वापरणे हा पुढील निर्णायक टप्पा होता.

कटक आणि अंगुल, १९५७ :

१९४७ मध्ये कलकत्त्यास केंद्रीय अंतर्गत मत्स्यसंशोधन केंद्राची स्थापना झाली आणि तळ्यातील मत्स्यशेतीच्या अभ्यासासाठी ओडिशातील कटक येथे त्याचे उपकेंद्र सुरू करण्यात आले. येथील संशोधनात डॉ. के. एच. अलिकुन्ही आणि डॉ. हिरालाल चौधुरी (१९२१-२०१४) यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. सिल्हेट परिसरात जन्मलेल्या चौधुरी यांनी अमेरिकेतील ऑबर्न येथे उच्च शिक्षण घेतले होते. प्रारंभी त्यांनी लहान जातींच्या माशांवर प्रयोग करून १९५५ मध्ये यश मिळविले. त्यानंतर १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी झाले. चौधुरी व अलिकुन्ही यांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. १० जुलै हा दिवस २००१ पासून राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा केला जातो.

या तंत्राचे महत्त्व त्याच्या साधेपणात आहे. पक्व माशाच्या डोक्यातून ग्रंथी काढून ती शुद्ध अल्कोहोलमध्ये साठविली जाते. प्रजननाच्या वेळी ती पाण्यात वा मिठाच्या सौम्य द्रावणात खलून तिचा अर्क काढतात व तो शेपटीजवळच्या स्नायूत टोचतात. मादीला प्रथम प्रतिकिलो वजनास २ ते ३ मिलिग्रॅम आणि सुमारे सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅम मात्रा देतात. नराला दुसऱ्या वेळी एकच मात्रा पुरते. त्यानंतर नर-मादी तळ्यात बांधलेल्या कापडी हाप्यात सोडले जातात आणि काही तासांतच मादी अंडी घालते. १४ ते २० तासांत अंड्यांतून मत्स्यजिरे बाहेर पडते. एक किलो वजनाच्या रोहू मादीपासून दोन लाखांहून अधिक अंडी मिळू शकतात.

लागणारी ग्रंथी मासळी बाजारातच उपलब्ध होती. कवटीच्या मागील छिद्रातून ती काढता येत असल्याने माशाचे डोकेही विक्रीयोग्य राहत असे. बंगालसारख्या प्रांतात, जेथे माशाच्या डोक्याला स्वतंत्र किंमत आहे, तेथे ही बाब क्षुल्लक नव्हती. महागड्या प्रयोगशाळेची गरज नसल्यामुळेच हे ज्ञान संशोधन केंद्रातून खेड्यापर्यंत पोहोचू शकले.

मिश्र मत्स्यशेती व तंत्राचा प्रसार :

एकाच जातीचे शुद्ध बीज हमखास मिळू लागल्यामुळे तळ्यात कोणते मासे किती सोडावेत याचे नियोजन शक्य झाले. कटला पृष्ठभागावरील, रोहू मधल्या थरातील आणि मृगळ तळाशी असलेले अन्न खातो. यांच्या जोडीला चंदेऱ्या, गवत्या व सायप्रिनस हे परदेशी कार्प मासे घेऊन सहा जातींची मिश्र मत्स्यशेती विकसित करण्यात आली. चंदेऱ्या व गवत्या हे मासे १९५९ मध्ये भारतात आणले गेले होते. १९७१ मध्ये मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. हेक्टरी काही शे किलोंवर असलेले तळ्यांचे उत्पादन यामुळे टनांवर गेले. १९८० च्या दशकात चिनी पद्धतीच्या गोलाकार हॅचरीचा प्रसार झाल्यावर वाहत्या पाण्यात फार मोठ्या प्रमाणावर अंडी उबविता येऊ लागली. नदीकाठी जाळी लावून बीज गोळा करण्याचा व्यवसाय त्यानंतर झपाट्याने मागे पडला.

औषधशास्त्राचे योगदान :

बाजारातून मिळणाऱ्या ग्रंथींची गुणवत्ता एकसारखी नसे. ही अडचण औषधशास्त्राच्या साहाय्याने दूर झाली. चीनमधील लिन हाओरान आणि कॅनडातील रिचर्ड पीटर यांच्या संशोधनातून असे स्पष्ट झाले की, कार्प माशांत प्रजनन-संप्रेरकाच्या स्रावाला डोपामिन हे द्रव्य अटकाव करते. म्हणून त्यांनी संप्रेरक स्रवण्यास चालना देणाऱ्या कृत्रिम घटकाला डोपामिनविरोधी औषधाची जोड दिली. या शोधावर आधारित 'ओव्हाप्रिम' या तयार औषधात सॅल्मन माशातील अशा घटकाचे कृत्रिम रूप आणि डॉम्पेरिडोन एकत्र असतात. माणसाची मळमळ व उलटी थांबविण्यासाठी दिले जाणारे डॉम्पेरिडोन अशा रीतीने मत्स्यप्रजननाचे साधन बनले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे औषध भारतात आले व दोनऐवजी एकाच मात्रेत काम होऊ लागले. पुढे भारतीय कंपन्यांनीही अशी औषधे तयार केली. सोय वाढली, मात्र जे साधन पूर्वी बाजारातील माशाच्या डोक्यातून मिळत होते, ते आता विकत घ्यावे लागू लागले, ही गोष्टही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.

यशाची दुसरी बाजू :

हॅचरीचालकाच्या दृष्टीने मोजक्या माद्यांपासून कोट्यवधी जिरे मिळणे हा मोठाच लाभ होता. आनुवंशिकतेच्या दृष्टीने मात्र तोच धोका ठरला. त्याच तळ्यातील मासे पिढ्यान्‌पिढ्या जनक म्हणून वापरले गेल्याने सगोत्र प्रजनन वाढले. एकनाथ व डॉईल यांनी कर्नाटकातील हॅचऱ्यांच्या अभ्यासातून १९८० च्या दशकात व १९९० मध्ये याकडे लक्ष वेधले. शिवाय एकाच कुंडात अनेक जाती एकत्र सोडल्यामुळे रोहू-कटला यांसारखे संकर नकळत निर्माण होऊन बीजाची शुद्धता बिघडू लागली. जातिशुद्ध बीज हे ज्या तंत्राचे मूळ श्रेय, त्या तंत्राच्या बेशिस्त वापरातून तेच श्रेय धोक्यात आले.

यावरील उपाय शोधताना संशोधकांना नदीकडे वळावे लागले. १९९२ मध्ये भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने रोहूच्या निवडक प्रजननाचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतील रोहू गोळा करून त्यांची संस्थेतील माशांशी सांगड घालण्यात आली. त्यातून विकसित झालेला जलद वाढणारा वाण १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'जयंती रोहू' या नावाने प्रसृत झाला. वाढीचा वेग दर पिढीमागे सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारल्याचे आढळले. नदीतील वैविध्य शिल्लक होते म्हणूनच हे शक्य झाले. धरणे, बंधारे व प्रदूषण यांमुळे गंगेच्या खोऱ्यातील प्रमुख कार्प माशांचे प्रमाण घटत गेले आहे, हे लक्षात घेता या वैविध्याचे मोल अधिकच जाणवते.

महाराष्ट्राचा संदर्भ :

मुंबई येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या व १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने या क्षेत्राला प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलाशयावर १९७० च्या दशकात महसीर माशाच्या प्रजननाचे काम उभे राहिले. विक्रीपेक्षा नदीतील दुर्मीळ होत चाललेल्या माशाचे संवर्धन हा त्यामागील हेतू असल्याने ते उल्लेखनीय आहे.

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचे उदाहरण अधिक बोलके आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील या तलावांवर ढिवर समाजाची उपजीविका अवलंबून आहे. मच्छीमार सहकारी संस्थांनी येथे प्रमुख कार्पच्या बोटुकल्या सोडण्यास प्रारंभ केल्यावर विक्रीयोग्य मासळी वाढली. परंतु गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस तळ उकरतो. मरळ, मागूर, शिंगी यांसारख्या स्थानिक माशांचा निवारा त्यामुळे कमी होतो. अलीकडच्या काळात याच परिसरातील ढिवर समाजाने काही तलावांत स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड करण्याचे प्रयत्न केले आहेत. विकतच्या बीजाबरोबर तलावाचे स्वतःचे बीजही टिकले पाहिजे, हे त्यांनी अनुभवातून ओळखले आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, भारतातील नीलक्रांतीचा पाया १९५७ च्या प्रेरित प्रजननाच्या यशाने घातला गेला आणि ते यश अर्जेंटिना, ब्राझील व पंजाब येथील पूर्वप्रयत्नांच्या मालिकेत पाहिले पाहिजे. दुसरा, हे तंत्र प्रसार पावले ते त्याच्या अल्पखर्चिक व सुलभ स्वरूपामुळे. तिसरा, मत्स्यशेती व वैद्यक या ज्ञानशाखांच्या सीमारेषा या इतिहासात वारंवार पुसल्या गेल्या आहेत. चौथा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, हॅचरी ही नदीला पर्याय ठरू शकत नाही. तळ्याला दरवर्षी नदीकडे हात पसरावा लागत नाही, हे डॉ. चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांचे ऋण आहे. परंतु बीज क्षीण झाले तेव्हा मूळ धन नदीतच सापडले. त्यामुळे मत्स्यबीज धोरणात हॅचऱ्यांच्या संख्येइतकेच नदीतील व जुन्या तलावांतील मूळ मत्स्यजातींच्या रक्षणालाही स्थान मिळणे आवश्यक आहे. तसे झाले नाही, तर पुढील काळात जनकसाठा पुन्हा सुदृढ करण्याची वेळ येईल तेव्हा परतण्यासाठी नदीत काही उरलेले नसेल.