महापालिका निवडणुका आणि पुण्याची सार्वजनिक वाहतूक : शिरूर-दौंडच्या संदर्भात (२००६ ते २०२६)

नागरी वाहतूक प्रकल्पांच्या इतिहासात मार्ग, खर्च व तंत्रज्ञान यांची चर्चा विस्ताराने होते; उद्घाटनाची तारीख मात्र गौण मानली जाते. पुण्याच्या बाबतीत ही तारीखच बरेच काही सांगून जाते.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र शासनाने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पुण्याच्या श्रेणीतील शहरांसाठी केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २० टक्के आणि स्थानिक संस्थेचा ३० टक्के होता. म्हणजे शहरातील रस्त्यासाठी ७० टक्के रक्कम अशा तिजोऱ्यांतून येणार होती, ज्यांत शिरूर व दौंड तालुक्यांतील करदात्याचाही वाटा असतो. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटी मार्ग या अभियानातून आकारास आला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट टप्प्यावर बस धावू लागली. महापालिकेचे मतदान फेब्रुवारी २००७ मध्ये होते. त्या वेळी थांबे, पादचाऱ्यांचे ओलांडमार्ग व मार्गिकेची सलगता ही कामे अपुरी होती. अपघात झाले, टीका झाली आणि 'बीआरटी' हा शब्द पुणेकरांच्या तोंडी फसलेल्या योजनेचा पर्याय बनला. अहमदाबादने ऑक्टोबर २००९ मध्ये आपली सेवा सुरू केली ती मात्र बंदिस्त स्थानके आणि चाचणी-फेऱ्यांनंतर. कल्पना दोन्हीकडे एकच होती. पुण्यात घाई नडली. या घाईचे एकमेव कारण निवडणूक होते असे म्हणता येणार नाही, तथापि निवडणुकीचा विचार वगळून ती समजावून घेणेही अवघड आहे.

सत्ता बदलली तरी हा क्रम फारसा बदलला नाही. ११,४२० कोटी रुपयांच्या मेट्रो प्रकल्पाचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. महापालिकेचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ रोजी. पहिले १२ किलोमीटर ६ मार्च २०२२ रोजी खुले झाले, पालिकेची मुदत संपण्यास तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. रूबी हॉल-रामवाडी टप्पा ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. येथे एक भेद करणे न्याय्य ठरेल. मेट्रोचे तुकडे अपुरे असले तरी सुरक्षित होते. बीआरटीप्रमाणे अर्धवट रस्त्यावर प्रवाशांना सोडलेले नव्हते. शिवाय २०२२ ची पालिका निवडणूक लांबत जाऊन मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले, त्यामुळे मुहूर्ताचा राजकीय लाभही हिशेबाप्रमाणे पदरात पडला असे दिसत नाही.

नगर रस्त्यावरील घडामोडी अधिक बोलक्या आहेत. तेथे २०१६ मध्ये बीआरटी सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिच्या मार्गिकेचा काही भाग उखडण्यात आला. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाली. त्यानंतर, २५ जून २०२५ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडी-वाघोली व वनाज-चांदणी चौक या विस्तारांना ३,६२६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. मेट्रोची आखणी अशा रीतीने पालिकेच्या मतदारयादीच्या हद्दीपर्यंत आली.

त्या हद्दीपलीकडे शिक्रापूर, रांजणगाव औद्योगिक क्षेत्र आणि शिरूर हे गजबजलेले पट्टे आहेत. शिरूर शहराला रेल्वे नाही. नोकरदार, विद्यार्थी व शेतमाल यांचा सारा भार एकाच महामार्गावर आहे. दौंडची स्थिती उलट आहे. तेथे जंक्शन आहे, एकोणिसाव्या शतकापासून लोहमार्ग आहे, नवे भूसंपादन वा उन्नत खांब न उभारता पुण्याशी जलद प्रवासी सेवा वाढविणे शक्य होते. तरीही उपनगरी लोकलची मागणी दीर्घकाळ रेंगाळली आणि मार्च २०१७ मध्ये मिळाली ती डेमू गाडी. दौंडचा प्रवासी लोकसभेला व विधानसभेला मतदान करतो, दररोज पुण्यात काम करतो, पण पुण्याच्या महापौराची निवड त्याच्या मतावर अवलंबून नसते.