सभासदांची यादी एक्सेलमधून ई-मेलमध्ये नेताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पतसंस्थेच्या, दूध संस्थेच्या किंवा हौसिंग सोसायटीच्या कचेरीत सभासदांची एक एक्सेल शीट बहुधा असतेच. तिचे मूळ कायद्यात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणे संस्थेला सभासदांचे नोंदपुस्तक ठेवावे लागते. तो ‘आय’ नमुना, आणि सभासदांची यादी ‘जे’ नमुन्यात. या यादीला पुढे मोबाइलचा रकाना जोडला गेला, मग ई-मेलचा. वार्षिक सभेची माहिती आणि अहवाल ई-मेलनेही धाडायचे ठरले की हीच शीट जीमेल, आउटलुक किंवा थंडरबर्डच्या कॉन्टॅक्टमध्ये न्यावी लागते. हे काम तासाभराचे समजून ऑफिसातल्या सर्वांत तरुण मुलाकडे दिले जाते. माझ्या मते ही मोठी चूक आहे. शीट माणसाने डोळ्यांनी वाचायची असते, आणि तिचा बराच अर्थ अक्षरांत नसून मांडणीत असतो. ई-मेल प्रोग्रामला मांडणी दिसत नाही. म्हणून मांडणीतला अर्थ आधी अक्षरांत उतरवावा लागतो, आणि त्यासाठी यादीतली माणसे माहीत असलेला माणूस शेजारी बसावा लागतो.

दोन प्रोग्राममधला नेहमीचा दुवा म्हणजे सीएसव्ही फाइल. एका ओळीत एक नोंद, आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, एवढीच तिची रचना. ही पद्धत फार जुनी. तिचे वर्णन आरएफसी ४१८० या दस्तऐवजात २००५ साली नोंदले गेले. या फाइलमध्ये रंग नसतो, ठळक अक्षर नसते, फॉन्ट नसतो, जोडलेले सेल नसतात, आणि शेऱ्यासाठी सेलवर चिकटवलेली टिपही नसते. एक्सेल सीएसव्ही करताना फक्त उघडी असलेली शीट लिहून काढते. आपल्या जिल्ह्यात तालुके बारा. करवीर, पन्हाळा, शाहूवाडीपासून आजरा, चंदगडपर्यंत प्रत्येक तालुक्याची वेगळी शीट केलेली असेल, तर फाइलमध्ये एकच तालुका उतरतो. शिवाय तालुक्याचे नाव खालच्या टॅबवर असते, ओळीत नसते. म्हणून बाराही शीट एकाखाली एक जोडून घेतल्या तरी कोण कुठला ते कळत नाही. जोडण्याआधी प्रत्येक शीटमध्ये तालुक्याचा रकाना भरून घ्यावा.

रंगाची गोष्ट याहून नाजूक आहे. मयत सभासदाची ओळ लाल करायची आणि वारस नोंद होईपर्यंत तशीच ठेवायची, ही पुष्कळ कचेऱ्यांतली रीत. कारकुनाला त्या लाल ओळीचा अर्थ पुरेपूर ठाऊक असतो. सीएसव्हीत तो रंग जातो, आणि सभेच्या आमंत्रणाची ई-मेल वारलेल्या माणसाच्या नावाने, बहुतेक वेळा त्याच्याच मुलाच्या फोनवर, जाऊन पोहोचते. वर्षश्राद्धही न झालेल्या घरी असे पत्र जाणे हा संस्थेकडून झालेला अपमान आहे. त्याला तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून ‘स्थिती’ नावाचा एक रकाना घालून त्यात चालू, मयत, राजीनामा असे शब्द लिहावेत आणि रंगाला शोभेपुरते ठेवावे.

आता स्वल्पविरामाकडे येऊ. मराठी पत्ता लिहिला की स्वल्पविराम येणारच: मु. पो. अमुक, ता. कागल, जि. कोल्हापूर. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने हे तीन वेगळे रकाने झाले असते आणि पुढचे सगळे दोन घरे सरकले असते. आरएफसी ४१८० यावर उपाय सांगतो: असा मजकूर दुहेरी अवतरणात ठेवायचा. एक्सेल ते आपोआप करते. पण नोटपॅडमध्ये हाताने दुरुस्ती करताना एखादे अवतरण पुसले गेले, की तिथपासून फाइलची घडी विस्कटते. गावाचे नाव आणि तालुका निरनिराळ्या रकान्यांत असलेले बरे. ‘बावडा’ एवढेच लिहिलेले असेल तर शहरातला कसबा बावडा की घाटाकडचा गगनबावडा, हे कारकून सांगू शकतो, यंत्र सांगू शकत नाही. रोमन लिपीत शिरोळ आणि शिरोली यांच्यात एकाच अक्षराचा फरक उरतो.

आकड्यांचा घोळ एक्सेलच्या अतिउत्साहातून होतो. सेलमधला मजकूर आकड्यासारखा दिसला की ती त्याला संख्या मानते आणि संख्येच्या सुरुवातीचे शून्य टाकून देते. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१; सलग लिहिलेल्या लँडलाइन नंबरातले पहिले शून्य त्यामुळे जाते. पिनकोडला ही भीती नाही, कारण आपला पिन ४१६ ने सुरू होतो. अमेरिकेत बॉस्टनकडचे पिन शून्याने सुरू होतात आणि तिथे हे दुखणे रोजचे आहे. मोबाइलच्या आधी ९१ लावून बारा अंक केले की सेलमध्ये ९.१९८२२ई+११ असे काहीतरी दिसू लागते. एक्सेल सीएसव्हीत जे दिसते तेच लिहिते, म्हणून उरलेले अंक कायमचे जातात. घर क्रमांक ७/११ असेल तर त्याची ७ नोव्हेंबर होते. जगभरच्या शास्त्रज्ञांनाही याचा जाच झाला: मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावे एक्सेल तारखांत बदलत असे, इतके की २०२० साली जनुकांच्या नामकरण समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. आपल्याला मात्र सोपा मार्ग आहे. रकाना भरण्याआधी त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. नंतर केले तर गेलेले शून्य परत येत नाही.

मराठी यादीची खरी परीक्षा अक्षरांच्या सांकेतिक रूपात होते. नव्या प्रोग्राममध्ये नावे बिघडलेली दिसली की लोक ‘फॉन्ट गेला’ एवढेच म्हणतात, पण बिघाड तीन तऱ्हांचे असतात आणि त्यांची कारणे वेगळी आहेत. पहिल्यात सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतात. साध्या सीएसव्ही पर्यायाने फाइल जतन केली की विंडोजच्या ज्या जुन्या अक्षरसंचात देवनागरी नाही, त्यात एक्सेल मजकूर कोंबते आणि प्रत्येक अक्षराजागी प्रश्नचिन्ह टाकते. हा मजकूर मेला. मूळ शीटवरूनच पुन्हा फाइल करावी लागते. एक्सेल २०१६ पासून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय आहे, तोच निवडावा. दुसऱ्या तऱ्हेत टोपी-रेघा असलेली लॅटिन अक्षरे दिसतात, आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला एक ‘ए’ सारखा येत राहतो. इथे काहीही हरवलेले नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी तोच असतो. वाचणाऱ्या प्रोग्रामने त्या तीन बाइटना तीन लॅटिन चिन्हे मानले, इतकेच. इम्पोर्ट करताना यूटीएफ-८ सांगितले की नावे परत दिसतात.

तिसरी तऱ्हा आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते, कारण जुन्या याद्या डीटीपीच्या काळात तयार झाल्या. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली शीट मुळात मराठीत नसतेच. आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की आतले उघडे पडते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण जुनी शीट त्या जागी आपोआप जात नाही. त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर वापरावा लागतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीत, कारण तिथेच चुका राहतात.

यूनिकोडमध्ये आल्यावरही ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते: स्वतंत्र ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर ती सारखीच दिसतात, पण शोधताना एक सापडते आणि दोन राहतात.

नावांच्या रचनेत कोल्हापूरचा स्वभाव पुरेपूर आहे. नोंदपुस्तकात आडनाव पहिले, मग स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे. कॉन्टॅक्टची देवाणघेवाण करणाऱ्या व्हीकार्ड फाइलच्या २०११ च्या मानकात नावाला पाच घरे आहेत: आडनाव, नाव, मधले नाव, पुढची उपाधी आणि मागची उपाधी. वरवर पाहता जुळणी सोपी वाटते. पण जागा पाहून नाव तोडले की ‘बाळासो ऊर्फ शंकर’ चे तीन तुकडे होतात, आणि ‘आप्पासाहेब’ व ‘आप्पासो’ ही एकाच माणसाची दोन कॉन्टॅक्ट बनतात. एका गावात तीन संजय पाटील असणे इथे नवलाचे नाही, म्हणून मधले नाव गाळू नये. श्री., सौ., डॉ. यांना उपाधीचे घर द्यावे. नाहीतर वर्णक्रमात अर्धी यादी ‘श्री’ खाली गोळा होते.

रकान्यांची जुळणी आउटलुक आणि थंडरबर्डमध्ये स्वतः करता येते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये मथळे त्यांच्याच नमुन्याचे लागतात, म्हणून आधी एक कॉन्टॅक्ट हाताने भरावे, ते एक्सपोर्ट करावे आणि त्या फाइलचे मथळे आपल्या शीटला द्यावेत. तिथे एका वेळी ३,००० पर्यंत कॉन्टॅक्ट घेता येतात. तरी पहिल्या खेपेला पाच-सहा ओळीच न्याव्यात, आणि त्यांत ऱ असलेले एक आडनाव, दोन ई-मेल असलेला एक सभासद आणि स्वल्पविरामांचा एक लांब पत्ता मुद्दाम घ्यावा.

सगळे सुरळीत गेल्यावर एक धोका उरतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. खेड्यातल्या घरात वडील, आई आणि मुलगा तिघे सभासद असतात आणि तिघांसमोर ई-मेल मुलाचाच असतो. सारखी कॉन्टॅक्ट एकत्र करण्याची सूचना प्रोग्राम देतो, ती मान्य केली की तीन सभासदांचा एक होतो. यादीत प्रत्येकाचा स्वतंत्र हक्क आहे, प्रत्येकाचे एक मत आहे. म्हणून सभासद क्रमांक कॉन्टॅक्टच्या टिपेत तरी उतरलाच पाहिजे आणि एकत्रीकरणाची सूचना डोळे झाकून स्वीकारू नये. दुरुस्ती नेहमी शीटमध्ये करावी आणि कॉन्टॅक्ट तिथून नव्याने भरावेत. उलट दिशेने कधी नाही. पाठवताना सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’त ठेवावेत. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जाते, तेव्हा मोठ्या संस्थेने पत्रे दोन-तीन दिवसांत वाटून पाठवावीत. पोहोच न झालेल्या ई-मेलची नावे कारकुनाने सभासद क्रमांकासह लिहून काढावीत आणि त्या माणसांना फोन करून नवा पत्ता शीटमध्ये भरावा. ज्यांच्याकडे ई-मेलच नाही त्यांना पोस्टाने किंवा हातपोच नोटीस मिळेल, याची यादी त्याच दिवशी सचिवाच्या टेबलावर असावी.