साइड रॉडवरचा आकडा

आंबेगाव तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. पुणे-नाशिक रेल्वेच्या गप्पा महाळुंगे पडवळच्या पारावर पिढ्यांनी ऐकल्या, गाडी काही आली नाही. त्यामुळे वाफेच्या इंजिनाला हात लावायचा तर तुम्हाला गाव सोडावंच लागतं. पाठीवरच्या पिशवीत कॅलिपर, फीलर गेज, आटे मोजायच्या पट्ट्या, भिंग, स्क्रेपर, पितळी तारेचा ब्रश आणि एका डबीत शेंदूर आहे. देवाचा नव्हे, कामाचा, म्हणजे खरा शिशाचा. तेलात कालवून तो धुऱ्याला लावला आणि बेअरिंग त्यावर फिरवलं की कुठे घासतं आणि कुठे अधांतरी आहे, ते दिसतं. नंतर हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही.

घोडेगाव, डिंभे, तळेघर मागे पडतात. भीमाशंकरला एस्टी सोडून तुम्ही गणेश घाटाने खाली खांडसला उतरता आणि कशेळ्यावरून नेरळ गाठता. पुण्याहून रेल्वेने आलात तर हेच नेरळ सोपं पडलं असतं. पण घाट पायी उतरला की चढ किती असतो ते गुडघ्यांना कळतं, आणि आजचं काम चढाचंच आहे.

नेरळच्या शेडमध्ये इंजीन समोर उभं आहे. सहा चाकं, आखूड बांधा, दोन फुटी रूळ. १९०५ ते १९०७ या काळात माथेरानच्या गाडीसाठी बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून अशी चार इंजिनं आली. त्यांतलं ७४१ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० इंग्लंडात गेलं, बाकीची इकडेच थकली. तुमच्यापुढचं कोणतं, ते पाटीवर लिहिलंय. पण पाटी चार बोल्टांनी लागते आणि चार बोल्टांनी निघते.

प्रश्न साधा आहे. डाव्या बाजूचा साइड रॉड, म्हणजे चाकांना एकमेकांशी बांधणारी दांडी, मागच्या पिनेवर ढिली आहे. हलवली की खट्ट वाजते. आतलं बुश बदलायचं. त्याआधी ठरवायचं, की ही दांडी याच इंजिनाची का?

ग्राइंडर बाजूला ठेवा. ज्याने पहिल्यांदा संग्रहालयातल्या इंजिनाला ग्राइंडर लावला, त्याने किती आकडे खरवडून टाकले असतील कोण जाणे! रॉकेल, चिंध्या आणि सबुरी एवढंच हवं. रंगाचे थर एकेक करून सुटतात. वरचा चकचकीत काळा, खाली हिरवा, त्याखाली लालसर प्रायमर. टॉर्च आडवा धरला की पोलादावरच्या खोलगट खुणा सावली टाकतात. त्यांवर खडू चोळून बोटाने पुसता, तेव्हा भुकटी खाचांत राहते आणि आकडा पांढरा उमटतो. एक नव्हे, दोन. एक तीन आकडी, ठसठशीत. त्याच्या शेजारी, अर्धवट ठोकून बुजवलेला, एकच आकडा. दोन्हींचा मेळ पाटीशी बसत नाही.

शेजारच्या ब्रॅकेटवर वेल्डिंगची जाडसर शिवण बोटाला लागते, आणि शेडचं छप्पर गळू लागतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. बाहेर नेरळचा पाऊस. माथेरानची गाडी पावसाळ्यात बंद, म्हणजे शेडला उसंत. डिझेल इंजिनं १९५०च्या दशकातच आली होती, आता वाफेचे दिवस भरत आलेत. दोन इंजिनं शेजारी उभी आहेत, एकाचा धूर निघावा म्हणून दुसऱ्याचे भाग निघताहेत. एक खलाशी पाना तुमच्या हातात देतो. "त्याचा इंजेक्टर काढा, याला लावू. ते काय आता उठत नाही." इंजेक्टर म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरात पाणी ढकलणारं पितळी यंत्र. तो निघतो, गेज निघतं, शिट्टी निघते. चिरलेल्या ब्रॅकेटवर वेल्डर ठिणग्या उडवतो. सुंदर काम नव्हे. पण नवा भाग कुठून मागवणार? कागदावर इंजीन एक, लोखंडात दोन, असा प्रकार इथे रोजचा आहे आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

वेल्ड केलेल्या ब्रॅकेटचा बोल्ट फिरवता. आटे मोजायची पट्टी लावता तर ६० अंशांची बसते. मेट्रिक. देशात वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यानंतर हळूहळू दुकानांतला माल पालटला. म्हणजे हा बोल्ट बहुधा १९६०च्या पुढचा. शेजारचा ५५ अंशांचा, व्हिटवर्थ. हा आधीचा असणार, पण जर्मन की इंग्रज हे त्यावरून ठरत नाही, कारण त्या काळी जर्मन कारखानेही सर्रास व्हिटवर्थ आटे पाडत. चलाख माणूस इथेच फसतो.

तीन आकडी ठसाही १९६०च्या आगेमागेच नेतो. स्वातंत्र्यानंतर साऱ्या कंपन्यांच्या गाड्या एका रेल्वेत आल्या, इंजिनांना एकाच मालिकेत नवे आकडे मिळाले, आणि माथेरानच्या वाट्याला ७३८ ते ७४१ आले. शेडमध्ये कुणीतरी पंचांची पेटी उघडून बसलंय. दांडी ऐरणीवर, एक पंच, एक घाव. जुना आकडा आडव्या छिन्नीने मारून टाकतात. हा माणूस दांडीवर जो आकडा मारतोय तो त्या दिवशी ती ज्या इंजिनावर होती त्याचा. तिचा जन्म कुठल्या इंजिनावर झाला हे त्याने विचारलेलं नाही. मग बुजवलेला एकेरी आकडा जुना खरा, पण तोसुद्धा जन्माचाच असेल कशावरून?

दांडी बाजूला ठेवून तुम्ही बुश बाहेर काढता. त्यावर कारखान्याचा शिक्का नाही, आकडा नाही. पृष्ठभागावर लेथच्या हत्याराच्या बारीक, किंचित वाकड्या रेघा. आणि कॅलिपर लावल्यावर लक्षात येतं, की भोक मध्यावर नाही. एका बाजूला भिंत जाड, दुसरीकडे पातळ. झीज आहे म्हणावं तर पातळ बाजूवरही हत्याराची रेघ शाबूत आहे.

१९१६.

शेडमध्ये एरंडेलाचा आणि कोळशाचा वास. महायुद्ध पेटलंय. बर्लिन आता शत्रूचं शहर, तिथे सुट्या भागांसाठी पत्र टाकायची सोय नाही. दांडी वाकलेली आहे, म्हणून दुसऱ्या इंजिनाची आणलीय. मिस्त्री लेथवर वाकलाय, मान वर न करता विचारतो, "कुठलं गाव?"

"म्हाळुंगे. घाटावरचं."

"भीमाशंकराकडून उतरलास? चालत?" मग त्याचा हात थांबतो. "हे बघ. दोन्ही इंजिनं एकाच कारखान्याची, पण जुळी नाहीत. ह्याच्या धुऱ्यांमधलं अंतर त्याच्यापेक्षा केसभर कमी. दांडी तशीच घातली तर चाकं अडकतील."

तो ट्रॅमेल दाखवतो. लांब दांड्यावर दोन टोकदार पाय. एका पिनेच्या मध्यावर एक टोक, दुसऱ्या पिनेच्या मध्यावर दुसरं. मग तेच अंतर दांडीच्या भोकांवर. फरक दिसतो. दांडी कापून लहान करण्यात अर्थ नाही. म्हणून तो बुशाचं बाहेरचं वर्तुळ दांडीला बसेल असं ठेवतो आणि आतलं भोक त्या केसभर फरकाइतकं सरकवून पाडतो. भाग चुकीचा दिसेल, गाडी बरोबर चालेल. पिनेवर शेंदूर लावून ओतलेलं ब्रास तो तिच्यावर फिरवतो, काढतो, लाल डाग पडलेल्या जागा स्क्रेपरने हलकेच खरडतो, पुन्हा फिरवतो. डाग ठिपक्याठिपक्यांनी सगळीकडे सारखे पसरेपर्यंत.

स्वदेशीचं नाव तो घेत नाही, त्याला उद्याची गाडी सोडायची आहे. वर तुमच्या गावात आठेक वर्षांचा बाबू गेनू सैद या वेळी कुठेतरी खेळत असेल. तो पुढे मुंबईच्या गिरणीत जाईल आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा होईल. मिस्त्रीला हे सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही दिवा धरता, तो खरडतो.

बुशाच्या आत पिन आहे आणि पिनेच्या मागे धुरा. शेवटचा थर तिथे.

२२ मार्च १९०७च्या आसपासचे दिवस. नेरळ-माथेरान रेल्वे नुकतीच सुरू होतेय. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, मेहनत त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची, आणि इंजिनाच्या आराखड्यामागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शी लाइट रेल्वेवाले. (याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी मारायची छत्री बनवली. डोंगर चढवायच्या आणि आकाशातून उतरवायच्या दोन्ही युक्त्या एकाच डोक्यातल्या.) तुम्ही फूटप्लेटवर उभे आहात. रूळ २१ किलोमीटरांचा, वळणावर वळणं, चढ वीसास एक. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, पुढे अमन लॉज. मागे डब्याडब्यावर एकेक ब्रेकवाला, शिट्टी ऐकून हँडब्रेक आवळणारा.

गेज ग्लासकडे बघा. सपाटीला पाणी जिथे होतं तिथे आता नाही. वीसास एक चढावर बॉयलराच्या दर दोन मीटर लांबीमागे पाणी दहा सेंटिमीटर कलतं. फायरबॉक्सच्या माथ्यावर पाणी राहिलं नाही तर तांबं लाल होईल. म्हणूनच माथ्यात शिशाचा प्लग असतो. तो आधी वितळून आगीवर वाफ सोडतो, माणसं वाचवतो. ड्रायव्हर बोलत नाही, तो काचेकडे बघत असतो.

वळण आलं. इतक्या आखूड वळणावर सहा चाकांचं सरळ इंजीन रुळाबाहेर पडायला हवं. पडत नाही, ते सॅक्सनीतल्या क्लीन आणि लिंडनर या दोघा इंजिनिअरांमुळे. पुढचा आणि मागचा धुरा प्रत्येकी दुहेरी आहे. आतला भक्कम, फ्रेमच्या बेअरिंगांत बसलेला, दांड्या त्यालाच जोडलेल्या. बाहेरचा पोकळ, चाकं त्यावर. मधोमध गोलाकार सांधा आणि आरपार पिन. मनगटातल्या सैल बांगडीसारखा पोकळ धुरा वळणावर आडवा सरकतो, किंचित तिरका होतो, आणि फिरत मात्र आतल्या धुऱ्याबरोबरच राहतो. दांड्यांना वळण कळतच नाही. त्यांच्यासाठी चाकं कायम एका रेषेत.

म्हणून दांडीच्या मापात केसभराची सूट नाही. मागे चाकं कितीही वळोत, पिनांमधलं अंतर पक्कं. १९१६च्या मिस्त्रीला हे ठाऊक होतं.

शेडमध्ये परत. सरकारी दिवा, भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध'. शेजारचा तरुण फिटर मोबाइलवर बुशाचा फोटो काढून म्हणतो, "सर, हे वाकडं पाडलंय कुणीतरी. नवीन बरोब्बर मध्यावर करून घेऊ."

त्याचं चूक नाही. ड्रॉइंग असतं तर तेही हेच म्हणालं असतं. पण तुम्ही ट्रॅमेल त्याच्या हातात देता. पिना मोजायला लावता, मग दांडी. फरक जेवढा, तेवढंच बुशाचं भोक मध्यापासून सरकलेलं. पोरगा दुसऱ्यांदा मोजतो. मग काही न बोलता वहीत लिहितो.

अशा कामात सगळ्यात महाग चूक कोणती विचाराल तर मी हीच सांगेन, की दुरुस्तीलाच दोष समजून ती दुरुस्त करणं. गंज दिसतो, चीर दिसते. जुन्या कारागिराची अक्कल दिसत नाही, ती वाकड्या भोकाच्या रूपात बसलेली असते. इंजीन पुन्हा कधी वाफेवर येवो न येवो, कुणीतरी ते ढकलून फिरवणारच, आणि मध्यावर पाडलेलं भोक त्या दिवशी पिन कापेल.

तर ठरतं असं. दांडी या इंजिनाची नाही, पण पाटी काहीही म्हणो, शंभरेक वर्षांपासून हिचं घर हेच आहे, ती इथेच राहील. नवं बुश गनमेटलचं, भोक सरकवलेलंच, जुन्या मापाने. त्याच्या कडेवर वर्ष आणि 'प्रत' एवढंच पंचाने मारायचं, म्हणजे पुढच्याला ते १९१६चं वाटू नये. जुनं बुश ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून कपाटात. बॉयलराला हात लावायच्या आधी जुन्या आवरणाखालचं ॲसबेस्टॉस तपासून घ्यायचं, तोवर कुणी ते फोडायचं नाही. फायरबॉक्सचे स्टे हातोडीने वाजवून बघायचे, तुटलेला बद्द बोलतो. ते पुढच्या आठवड्याचं काम.

रंगारी सोमवारी येणार आहे. त्याच्याकडे गुळगुळीत करायची सवय आणि लांबीचा डबा दोन्ही आहेत. तुम्ही दांडीवरच्या दोन्ही आकड्यांवर मास्किंग टेप चिकटवता आणि वर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिता, 'इथे लांबी भरू नये'. पोरगा तेवढ्यात दुसऱ्या बाजूला गेलाय. ट्रॅमेल त्याच्याकडेच आहे. उजवीकडच्या तिन्ही पिना अजून मोजायच्या आहेत.