मूल नसलेलीचे दुःख कोणी ऐकले?

भगिनींनो, स्मरणिकेसाठी लेख द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा हा विषय मनात आला. तो हळदीकुंकवाच्या बैठकीत कोणी काढीत नाही. पण आपल्या भागात राहून त्याकडे पाठही फिरवता येत नाही.

लेण्याद्रीच्या डोंगरात बसलेला आपला गणपती गिरिजात्मज म्हणवतो, म्हणजे गिरिजेचा मुलगा. पुत्र व्हावा म्हणून पार्वतीने येथेच बारा वर्षे तप केले, अशी कथा आहे. शिवनेरीवरच्या शिवाईला जिजाऊंनी नवस केला आणि १६३० साली जन्मलेल्या बाळाचे नाव तिच्यावरून ठेवले, असे आपल्या आज्या सांगत. मूल मागायला बाईने डोंगर चढावा, ही रीत अशी जुनी. नवसाला मी हसणार नाही. घरात जिचे ऐकणारे कोणी नव्हते, तिला देवीपुढे तरी मोकळेपणी रडता येत असे. मात्र देवी उलट विचारीत नसे की, बाई, तुझ्या नवऱ्याची तपासणी झाली का!

तो प्रश्न कोणीच विचारीत नसे. मूल न होण्याचे कारण जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूलाही असते, हे आज वैद्यक सांगते. बाईच्या बाजूच्या कारणांत आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षयही असतो. म्हणजे तो आजार होय, पूर्वजन्मीचे पाप नव्हे. पण ठपका सुनेवर येई आणि सवत घरात येई. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ साली झाला; तोवर याला कायद्याची आडकाठीही नव्हती.

देवीऐवजी माणसाला विचारण्याची सोय मराठीत ज्यांनी केली, त्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव आधी घ्यावे लागते. हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. नवराबायकोंनी घरात ज्या गोष्टी बोलायच्या नाहीत, त्या वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि ते छापील उत्तर देत. अशा उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला ते हरले. त्यांचे लक्ष मुले कमी कशी व्हावीत याकडे अधिक होते हे खरे. पण लाज बाजूला ठेवून विचारले तर कोणी उत्तर देतो, हे लोकांना प्रथम तेथे कळले.

पुढची मजल शास्त्राने मारली. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये शरीराबाहेर गर्भधारणा घडवून पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. पण सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशी मुलगी जन्मली. ते रुग्णालय महानगरपालिकेचे, हे मला विशेष वाटते.

उपचार आले, पण सुया टोचून घेणाऱ्या बाईच्या मनाचे काय? इंग्लंडने १९९० च्या कायद्यात समुपदेशनाची तरतूद केली. आपल्याकडे २०२१ चा कायदा व्हावा लागला. उपचाराचे सर्व परिणाम आणि यशाची शक्यता जोडप्याला समुपदेशनातून समजावून दिलीच पाहिजे, असे तो दवाखान्यांना बजावतो.

हे काम करणारी बाई औषध देत नाही. ती दोघांना एकत्र बसविते, मग एकेकाला वेगळे. चांगल्या दवाखान्यातही एका खेपेस गर्भ न राहणाऱ्यांचीच संख्या मोठी असते, हे ती आधी सांगते. कारण दागिने मोडून, जमिनीचा तुकडा गहाण टाकून माणसे येतात. गर्भ आत सोडल्यावर निकालापर्यंत सुमारे दोन आठवडे जातात. ते दिवस फार वाईट. जिना चढले म्हणून, जड उचलले म्हणून गर्भ गेला असे बाई स्वतःला दोष देते, तेव्हा तसे नसते हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. नवरा रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही असेही नाही. तो कामाला जातो आणि गप्प होतो. सासूला काय सांगायचे, बारशाला जायचे की नाही, इतक्या बारीक गोष्टी त्या खोलीत बोलल्या जातात. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, आता थांबायचे का? तो निर्णय समुपदेशक देत नाही. तो घेताना सोबत बसते.

नारायणगाव-मंचरवरून पुण्याच्या एसटीत बसून अशा उपचारांना जाणाऱ्या बायका आपल्यातही आहेत. त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते, नाव सांगणार नाही. एका संक्रांतीला आपल्याच मंडळात ओटी भरताना तिच्यापुढचे ताट अलगद पुढे सरकले. मी शेजारीच होते आणि काही बोलले नाही. पुढे दोन वर्षे ती हळदीकुंकवाला आली नाही. अखेर मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिने चहा ठेवला आणि म्हणाली, “ताई, पुण्याच्या त्या मॅडम पहिल्या दिवशी पाऊण तास नुसत्या ऐकत होत्या. मधे एकदाही ‘होईल गं’ म्हणाल्या नाहीत.”

येत्या संक्रांतीला ताट माझ्या हाती आहे. तिला बोलावणे करायला मीच जाणार आहे.